सूत्रं पाठ असूनही संभाव्यतेचं गणित का चुकतं?

कॉलेजात पहिल्यांदा संख्याशास्त्र शिकणाऱ्यांची एक तक्रार ठरलेली असते. धडा वाचताना सगळं समजतं, सोडवून दाखवलेली उदाहरणं पटतात, पण नवा प्रश्न समोर आला की पेन पुढे सरकत नाही. ही तक्रार अगदी खरी आहे, आणि तिचं कारण क्वचितच कच्चं गणित असतं. या विषयातली आकडेमोड म्हणजे बेरीज, गुणाकार, भागाकार आणि एखादं वर्गमूळ. जड जातं ते प्रश्नाचं वाचन. इथे नेमकं काय घडतंय, आपल्याला आधीपासून काय ठाऊक आहे, आणि जे विचारलंय ते 'कशापैकी' विचारलंय, हे चार ओळींच्या मजकुरातून शोधून काढावं लागतं. सराव व्हायला हवा तो या शोधण्याचा. आपण मात्र बहुतेक वेळ सूत्रात आकडे भरण्याचा सराव करत बसतो.

म्हणून या लेखात सूत्रांची यादी नाही. प्रश्न कुठे अडवतात आणि तिथे कसं वाचायचं, हे काही उदाहरणं शेवटपर्यंत सोडवून बघू. कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि प्रत्येक ठिकाणी उत्तर वाचण्याआधी स्वतःचा अंदाज लिहा. अंदाज चुकला तरी चालेल, पण तो लिहिलेला हवा. लिहिलेल्या अंदाजाशी उत्तर ताडून पाहिलं की आपली समज नेमकी कुठे घसरली ते कळतं. नुसतं उत्तर वाचलं की 'हो, मलाही असंच वाटलं होतं' असं मन सांगतं आणि शिकणं तिथेच थांबतं.

मोजण्याआधी: सगळे प्रकार सारखे आहेत का?

संभाव्यतेची पहिली व्याख्या सगळ्यांना येते: अनुकूल प्रकार भागिले एकूण प्रकार. या व्याख्येत एक अट दडलेली आहे. मोजलेले सगळे प्रकार घडण्याची शक्यता सारखी असली पाहिजे. ही अट सुटली की मोठमोठ्यांची चूक होते. झां दालांबेर हा अठराव्या शतकातला नामवंत फ्रेंच गणितज्ञ. १७५४ साली ज्ञानकोशासाठी लिहिलेल्या लेखात त्याने दोन फेकींत निदान एकदा छापा येण्याचा प्रश्न घेतला. पहिल्याच फेकीत छापा आला तर दुसऱ्या फेकीची गरजच नाही, म्हणून प्रकार तीनच: छापा, काटा-छापा, काटा-काटा. तिघांपैकी दोन अनुकूल, म्हणून २/३, असा त्याचा युक्तिवाद होता.

बरोबर उत्तर ३/४ आहे. दालांबेरच्या यादीत चूक नाही, घडण्याचे प्रकार खरोखर तीनच उरतात. पण पहिला प्रकार निम्म्या वेळा घडतो आणि उरलेले दोन प्रत्येकी पाव वेळा. वजनं धरून बेरीज केली की १/२ + १/४ = ३/४ येतं. नेहमीच्या पद्धतीने छापा-छापा, छापा-काटा, काटा-छापा, काटा-काटा असे चार प्रकार मांडले तरी तेच. म्हणून यादी केल्यावर स्वतःला लगेच विचारायचं: या ओळी एकसारख्या वजनाच्या आहेत का?

याच जातीचा, थोडा जास्त रंगतदार प्रश्न गॅलिलिओकडे आला होता. तीन फासे टाकले की बेरीज ९ येण्याचे सहा मार्ग आहेत: १-२-६, १-३-५, १-४-४, २-२-५, २-३-४ आणि ३-३-३. बेरीज १० येण्याचेही सहाच: १-३-६, १-४-५, २-२-६, २-३-५, २-४-४, ३-३-४. मग खेळणाऱ्यांना १० हा आकडा ९ पेक्षा किंचित जास्त वेळा का दिसतो?

हे हातानेच करून बघा. फासे लाल, हिरवा आणि निळा आहेत असं समजा. १-२-६ हा मार्ग तीन रंगांच्या फाशांवर ६ तऱ्हांनी येऊ शकतो. १-४-४ मध्ये दोन आकडे सारखे, म्हणून ३ तऱ्हा. ३-३-३ ची फक्त १. आता ९ ची बेरीज करा: ६ + ६ + ३ + ३ + ६ + १ = २५. आणि १० ची: ६ + ६ + ३ + ६ + ३ + ३ = २७. एकूण तऱ्हा ६ × ६ × ६ = २१६. म्हणजे ९ ची संभाव्यता ०.११६ आणि १० ची ०.१२५. सगळा फरक त्या एकट्या पडलेल्या ३-३-३ मुळे पडला. पर्म्युटेशन (क्रम धरून मोजणं) घ्यायचं की कॉम्बिनेशन (क्रम न धरता), या गोंधळाचं मूळ इथेच आहे. फाशांना रंग दिलेत असं मनात धरलं की सगळ्या तऱ्हा सारख्या वजनाच्या होतात, मग मोजायला हरकत नाही. वस्तू दिसायला एकसारख्या असल्या तरी मोजताना त्यांना नावं द्यायची, ही सवय खूप चुका वाचवते.

'निदान एक' दिसलं की उलटं बघा

प्रश्नात 'निदान एक', 'किमान एकदा', 'एक तरी' असे शब्द आले की सरळ मोजणं लांबण लावतं. उलट बाजू लहान असते: एकही नाही. चार वेळा फासा टाकून निदान एकदा ६ येण्याची संभाव्यता काढायची असेल, तर चारही वेळा ६ न येण्याची काढा, ५/६ चा चौथा घात म्हणजे ६२५/१२९६. १ मधून वजा केलं की ६७१/१२९६, सुमारे ०.५१८.

या उदाहरणामागे इतिहास आहे. शेव्हालिए द मेरे या फ्रेंच गृहस्थाला वाटत होतं की एका फाशाने ४ फेकींत ६ मिळवणं फायद्याचं असेल, तर दोन फाशांनी २४ फेकींत ६-६ ची जोडीही तितकीच फायद्याची असणार, कारण ४ चं ६ शी जे प्रमाण तेच २४ चं ३६ शी. जोडीसाठी हिशेब केला तर ३५/३६ चा चोविसावा घात १ मधून वजा होतो आणि उत्तर ०.४९१ येतं. म्हणजे निम्म्याहून कमी. फ्रेंच गणितज्ञ पास्कलने २९ जुलै १६५४ च्या पत्रात ही गोष्ट फर्मा या दुसऱ्या गणितज्ञाला कळवली होती. या दोघांच्या त्या वर्षीच्या पत्रव्यवहारातून संभाव्यतेच्या शास्त्राची पायाभरणी झाली. आपल्यासाठी यातली कामाची गोष्ट ही की प्रयत्न वाढले म्हणून संभाव्यता त्याच पटीत वाढत नाही. एका फेकीत १/६, म्हणून सहा फेकींत ६/६, असं कुणी म्हटलं तर ते लगेच खटकलं पाहिजे. सहा फेकींतही ६ न येण्याची शक्यता ०.३३५ उरतेच.

'दिलेलं असताना' हे शब्द

आता खऱ्या अवघड जागेकडे येऊ. कंडिशनल प्रोबॅबिलिटी, म्हणजे एक गोष्ट कळलेली असताना दुसरीची संभाव्यता. माझ्या मते पहिल्या वर्षाच्या अभ्यासक्रमातला निम्मा वेळ यावर गेला तरी तो सत्कारणी लागेल, कारण पुढची गृहीतक-चाचणी (दिसलेल्या आकड्यांवरून एखादं गृहीतक टिकतं का ते तपासणं) सुद्धा याच पायावर उभी आहे.

हा प्रश्न घ्या. एका कारखान्यात तयार होणाऱ्या सुट्या भागांपैकी २% सदोष असतात. तपासणी यंत्र सदोष भागांपैकी ९५% पकडतं. पण चांगल्या भागांपैकी ६% भागांवरही ते चुकून लाल दिवा लावतं. एका भागावर लाल दिवा लागला. तो खरोखर सदोष असण्याची संभाव्यता किती?

अंदाज लिहिलात? पुष्कळ जण ९५% च्या आसपास लिहितात. आता टक्के बाजूला ठेवून १०,००० भाग डोळ्यांसमोर आणा. त्यातले २०० सदोष, ९,८०० चांगले. २०० सदोषांपैकी ९५% म्हणजे १९० भागांवर लाल दिवा. ९,८०० चांगल्यांपैकी ६% म्हणजे ५८८ भागांवर लाल दिवा. लाल दिवा लागलेले एकूण ७७८. त्यांतले खरे सदोष १९०. उत्तर १९०/७७८, म्हणजे ०.२४४. लाल दिवा लागलेल्या दर चार भागांपैकी जेमतेम एक सदोष!

इथे घाईघाईने पुढे जाऊ नका. दिलेली ९५% ही संख्या 'सदोष भागांपैकी' आहे आणि विचारलेली संख्या 'लाल दिव्यांपैकी' आहे. दोन्हींच्या अंशात तेच १९० भाग आहेत, छेद मात्र वेगळा: एकीकडे २००, दुसरीकडे ७७८. कंडिशनल प्रोबॅबिलिटीच्या बहुतेक चुका छेदाच्या असतात. म्हणून प्रश्न वाचताना प्रत्येक टक्केवारीखाली पेन्सिलीने लिहायचं, 'कशापैकी?' हे लिहिलं की बेझचं सूत्र आठवलं नाही तरी उत्तर निघतं, कारण ते सूत्र हाच हिशेब चिन्हांत मांडतं. थॉमस बेझ १७६१ मध्ये वारला. त्याचा निबंध १७६३ मध्ये त्याचा मित्र रिचर्ड प्राइस याने पुढे आणला. टक्क्यांऐवजी असे मोजलेले आकडे दिले तर माणसं हे प्रश्न कितीतरी जास्त वेळा बरोबर सोडवतात, हे गर्ड गिगरेन्झर आणि उलरिश होफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखवलं. त्यामुळे १०,००० ची पद्धत कच्च्या विद्यार्थ्यांसाठीची तडजोड आहे असं मानू नका. सूत्र मागितलं असेल तिथे सूत्र लिहा आणि या पद्धतीने पडताळा घ्या.

उत्तर मिळालं म्हणून प्रश्न सोडू नका, त्यातला एकच आकडा बदला. सदोष भाग २% ऐवजी २०% असते तर? तेव्हा १०,००० पैकी २,००० सदोष, त्यातले १,९०० पकडले जातात. ८,००० चांगल्यांपैकी ४८० वर चुकून दिवा लागतो. १,९००/२,३८० म्हणजे ०.७९८. यंत्र तेच, अचूकता तीच, तरी उत्तर तिपटीहून जास्त. मुळात दोष किती दुर्मीळ आहे यावर लाल दिव्याचा अर्थ ठरतो. हे एकदा स्वतःच्या हाताने बदलून पाहिलं की ते कायमचं लक्षात राहतं. एका प्रश्नाची अशी तीन रूपं सोडवणं हे मला एका साच्याचे दहा प्रश्न सोडवण्यापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

अजून एक पायरी चढायची असेल तर विचारा: तोच भाग दोनदा तपासला आणि दोन्ही वेळा लाल दिवा लागला तर? दोन्ही तपासण्या एकमेकींपासून स्वतंत्र मानल्या, तर २०० × ०.९५ × ०.९५ = १८०.५ आणि ९,८०० × ०.०६ × ०.०६ = ३५.२८, म्हणून उत्तर ०.८३७ च्या आसपास. पण 'स्वतंत्र मानल्या' हे आपण मानलं. ज्या चांगल्या भागाच्या पृष्ठभागावर एखादा ओरखडा आहे म्हणून यंत्र एकदा फसलं, त्यावर ते दुसऱ्यांदाही फसण्याचीच शक्यता जास्त. गुणाकार करण्याआधी हे गृहीतक उत्तरपत्रिकेत एका वाक्यात लिहा.

छेदाचा आणखी एक छोटा पण बोचरा नमुना. दोन नाणी उडवली. 'निदान एकावर छापा आहे' एवढंच कळलं, तर दोन्हींवर छापा असण्याची संभाव्यता १/३. 'पहिल्या नाण्यावर छापा आहे' असं कळलं, तर १/२. दोन्ही वाक्यं बोलताना एकच वाटतात. पहिल्याने चार प्रकारांतला एक काढून टाकला, दुसऱ्याने दोन.

स्वतंत्र घटना आणि परस्पर अपवर्जक घटना

या दोघांची अदलाबदल फार होते. परस्पर अपवर्जक म्हणजे दोन्ही एकदम घडूच शकत नाहीत. त्यामुळे एक घडली की दुसरीबद्दल पक्की बातमी मिळते: ती घडलेली नाही. स्वतंत्र म्हणजे एक घडल्याने दुसरीबद्दल काहीच कळत नाही. दोन्ही घटनांना शून्याहून जास्त संभाव्यता असेल तर त्या एकाच वेळी अपवर्जकही आणि स्वतंत्रही असू शकत नाहीत.

स्वतंत्रता मनाच्या कौलावर ठरवायची नसते, ती आकड्यांनी तपासायची असते. ५२ पत्त्यांतून एक पान ओढलं. राजा येण्याची संभाव्यता ४/५२, बदाम येण्याची १३/५२, आणि बदामचा राजा १/५२. पहिल्या दोघांचा गुणाकार बरोबर १/५२ येतो, म्हणून 'राजा' आणि 'बदाम' या घटना स्वतंत्र. आता कॅटातली किलवरची दुर्री हरवली असं धरा. पानं उरली ५१. गुणाकार ४/५१ × १३/५१ = ५२/२६०१, आणि बदामचा राजा १/५१ म्हणजे ५१/२६०१. दोन्ही सारखे नाहीत. राजाशी किंवा बदामाशी काडीचाही संबंध नसलेलं एक पान गेलं आणि स्वतंत्रता मोडली. हे पचायला थोडा वेळ लागतो, तो द्या.

चार प्रश्न, एकही सोडवायचा नाही

पुढचे चार प्रश्न फक्त वाचा आणि प्रत्येकापुढे कोणतं वितरण, म्हणजे निकालांच्या संभाव्यता देणारं कोणतं सूत्र, लागेल ते लिहा.

एका यंत्रातून बाहेर पडणारा प्रत्येक भाग सदोष असण्याची संभाव्यता ०.०५ आहे. १० भाग घेतले, त्यात नेमके २ सदोष असण्याची संभाव्यता?

एका खोक्यात २० भाग आहेत, त्यातले ३ सदोष. परत न ठेवता ४ काढले, त्यात नेमका १ सदोष असण्याची संभाव्यता?

पहिल्याच यंत्रातून भाग एकेक करून तपासले. पहिला सदोष भाग सहाव्या वेळी सापडण्याची संभाव्यता?

यंत्र दिवसातून सरासरी २ वेळा बंद पडतं. आज एकदाही बंद न पडण्याची संभाव्यता?

चारही प्रश्नांत यंत्र, भाग, दोष हेच शब्द. पण पहिल्यात प्रयत्नांची संख्या ठरलेली आहे आणि यश मोजायचं आहे, म्हणून बायनॉमियल: १० पैकी २ निवडण्याचे मार्ग ४५, म्हणून ४५ × ०.०५² × ०.९५⁸, सुमारे ०.०७५. दुसऱ्यात साठा मर्यादित आहे आणि काढलेलं परत जात नाही, म्हणून प्रत्येक वेळी संभाव्यता बदलते. हे हायपरजॉमेट्रिक: ३ सदोषांतला १ आणि १७ चांगल्यांतले ३ निवडण्याचे मार्ग ३ × ६८०, भागिले २० पैकी ४ निवडण्याचे ४८४५, म्हणजे ०.४२१. तिसऱ्यात यशाची संख्या ठरलेली आहे (एक) आणि प्रयत्न मोजायचे आहेत, म्हणून जॉमेट्रिक: ०.९५⁵ × ०.०५, सुमारे ०.०३९. चौथ्यात प्रयत्न असे काही नाहीतच. काळाच्या एका तुकड्यात घटना किती वेळा घडते ते मोजायचं आहे, म्हणून पॉइसाँ, अर्थात घटना एकमेकींपासून स्वतंत्र आणि ठरावीक गतीने घडतात असं धरून. ई (सुमारे २.७१८) चा उणे दुसरा घात म्हणजे ०.१३५.

परीक्षेत खरा कस या ओळखण्याचा लागतो आणि पुस्तकातला स्वाध्याय नेमकी तीच संधी हिरावून घेतो. बायनॉमियलच्या धड्यामागचे सगळे प्रश्न बायनॉमियलचेच असतात, त्यामुळे काय वापरायचं हा प्रश्न पडतच नाही. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर केलेला एक प्रयोग याबाबत फार बोलका आहे. विषय घनफळाचा होता. एका गटाने एकेका आकाराची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने चारही आकारांची सरमिसळ करून. सराव करताना सलगवाल्यांची ८९% उत्तरं बरोबर आली, सरमिसळवाल्यांची ६०%. आठवड्याने चाचणी घेतली तेव्हा सलगवाले २०% वर आले आणि सरमिसळवाले ६३% वर. सराव करताना सोपं जातंय म्हणजे शिकणं होतंय असं नसतं, हे इतक्या स्पष्टपणे क्वचितच दिसतं.

त्यामुळे तीन-चार धडे झाले की त्यांतले प्रश्न चिठ्ठ्यांवर उतरवा, धड्याचं नाव न लिहिता, आणि पिसून घ्या. रोज काही चिठ्ठ्या उचलून फक्त प्रकार ओळखा. मग त्यांतली एखादी पूर्ण सोडवा. अडलात आणि उत्तर पाहिलंत तर हरकत नाही, पण पुस्तक मिटून दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न कोऱ्या कागदावर पुन्हा सोडवा. चुकलेल्या प्रश्नांची वही ठेवत असाल तर त्यात चुकीची जात लिहा: वाचन चुकलं, वितरण चुकलं की आकडेमोड. काही दिवसांत दिसेल की एकच जात पुन्हा पुन्हा येते आहे, आणि मग वेळ कुठे द्यायचा ते आपोआप ठरतं.

पाच आकडे हाताने

मीन (सरासरी), मेडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा), स्टँडर्ड डेव्हिएशन (आकडे मीनपासून साधारण किती पसरलेत ते) कॅल्क्युलेटर क्षणात देतो. तरी एकदा हाताने करण्याला पर्याय नाही. आकडे घ्या: ४, ७, ८, ८, १३. बेरीज ४०, मीन ८, मेडियनही ८. मीनपासूनची अंतरं: −४, −१, ०, ०, ५. त्यांची बेरीज शून्य, आणि ती नेहमी शून्यच येते, त्यामुळे हा फुकटचा पडताळा. वर्ग केले की १६, १, ०, ०, २५, बेरीज ४२.

आता भागायचं ५ ने की ४ ने? हे पाच आकडे म्हणजेच सगळी मंडळी असतील तर ५ ने. मोठ्या समूहातून काढलेला नमुना असतील तर ४ ने. कारण समूहाचा खरा मीन आपल्याला ठाऊक नाही, आपण नमुन्याचाच मीन वापरला. नमुन्याचा मीन त्या आकड्यांच्या अगदी मधोमध बसतो. दुसऱ्या कुठल्याही संख्येपासून अंतरं मोजली तर वर्गांची बेरीज ४२ पेक्षा मोठीच येईल. करून बघा, ९ पासून मोजली तर ४७ येते. म्हणजे ४२ हा पसरटपणा जरा कमीच दाखवतो, आणि लहान संख्येने भागून ती तूट आपण भरून काढतो. ४२/४ = १०.५, वर्गमूळ ३.२४.

याच आकड्यांशी थोडं खेळा. १३ च्या जागी ६३ ठेवा: मीन ८ वरून १८ वर उडी मारतो, मेडियन जागचा हलत नाही. मूळ प्रत्येक आकड्यात १० मिळवा: मीन १८ होतो, स्टँडर्ड डेव्हिएशन तेवढंच राहतं. सगळ्यांना ३ ने गुणा: डेव्हिएशनही तिप्पट होतं. वस्तुनिष्ठ प्रश्नांतले बरेच गुण एवढ्यावर मिळतात.

एक नग की नगांची सरासरी?

एका नगाचं वजन नॉर्मल (घंटेच्या आकाराच्या) वितरणाने पसरलेलं आहे, मीन ५० ग्रॅम, स्टँडर्ड डेव्हिएशन ६ ग्रॅम. एक नग उचलला, तो ५३ ग्रॅमपेक्षा जड असण्याची संभाव्यता? अंतर ३, भागिले ६, म्हणजे झेड ०.५, तक्त्यातून ०.३०९. आता ३६ नग उचलले. त्यांची सरासरी ५३ पेक्षा जास्त असण्याची संभाव्यता? सरासरी इतकी हेलकावत नाही. तिचं डेव्हिएशन ६ भागिले √३६, म्हणजे १. झेड ३ झाला आणि उत्तर ०.००१३५. प्रश्नात फरक एका 'सरासरी' या शब्दाचा, उत्तरात दोनशेहून जास्त पटींचा. हा शब्द दिसला की त्याखाली रेघ मारून शेजारी लगेच वर्गमूळ लिहा.

या वर्गमूळाचा एक खरा पुरावा आहे. जॉन केरिच हे गणितज्ञ दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी नाणं १०,००० वेळा उडवून नोंदी ठेवल्या आणि ५,०६७ छापे आले. ५,००० पेक्षा ६७ जास्त. हे संशयास्पद आहे का? १०,००० फेकींत छाप्यांच्या संख्येचं स्टँडर्ड डेव्हिएशन √(१०,००० × ०.५ × ०.५) = ५०. ६७ म्हणजे त्याच्या १.३४ पट, अगदी सर्वसाधारण. १०० फेकींत हेच डेव्हिएशन ५ असतं. फेकी शंभर पट झाल्या की छाप्यांची संख्या अपेक्षेपासून दहा पट दूर भरकटते, पण टक्केवारीतलं भरकटणं ५% वरून ०.५% वर येतं. 'पुष्कळ काटे आले, आता छापा यायलाच हवा' हा भ्रम इथे उघडा पडतो. नाणं जुनी उधारी फेडत नाही. पुढच्या फेकींच्या गर्दीत ती उधारी नगण्य होऊन जाते.

पी-व्हॅल्यूचं वाक्य

शेवटचा भाग गृहीतक-चाचणीचा. नाणं २० वेळा उडवलं, १५ छापे आले. नाणं समतोल आहे का? समतोल मानून १५ किंवा अधिक छापे येण्याची संभाव्यता काढली तर २१,७००/१०,४८,५७६ येते, म्हणजे ०.०२०७. दुसऱ्या टोकाचीही, म्हणजे ५ किंवा कमी छाप्यांची, तेवढीच धरली की पी-व्हॅल्यू ०.०४१.

आता हे वाक्यात लिहायचं आहे, आणि गुण इथेच जातात. 'नाणं समतोल असण्याची शक्यता ४% आहे' हे वाक्य चूक आहे. आपण मोजलं ते 'नाणं समतोल असताना असा निकाल दिसण्याची' संभाव्यता. वाक्य बोलतंय 'असा निकाल दिसला असताना नाणं समतोल असण्याची'. लाल दिव्याच्या प्रश्नात २०० आणि ७७८ या छेदांची जी अदलाबदल झाली असती, तीच ही. बरोबर वाक्य असं: नाणं समतोल असतं, तर २० फेकींत इतका किंवा याहून टोकाचा निकाल १०० पैकी सुमारे ४ वेळा दिसला असता. पी-व्हॅल्यू ५% पेक्षा कमी आली तर नाकारायचं, अशी पातळी आधी ठरवली असेल तर समतोलपणाचं गृहीतक आपण नाकारतो.

आणि १५ ऐवजी १२ छापे आले असते तर? पी-व्हॅल्यू ०.५०३ येते. इथे 'नाणं समतोल असल्याचं सिद्ध झालं' असं लिहिण्याचा मोह होतो. पण ६०% वेळा छापा देणारं वाकडं नाणं २० फेकींत सर्वांत जास्त वेळा देईल तो निकालही १२ च. २० फेकींना या दोन नाण्यांतला फरक दिसत नाही, म्हणून लिहायचं एवढंच की गृहीतक नाकारायला पुरावा अपुरा आहे. तेच ६०% प्रमाण २०० फेकींत दिसलं, म्हणजे १२० छापे आले, तर डेव्हिएशन ७.०७, अंतर २०, झेड २.८३, आणि पी-व्हॅल्यू ०.००५ च्या आसपास.